अक्षराचा मोडलेला पाय

पुण्याच्या मंडईत भाजीसाठी सगळेच जातात; एकदा नुसत्या पाट्या वाचायला जावे. उन्हाळ्याच्या तोंडावर एका गाळ्यावर 'कैऱ्या' लिहिलेले असते, शेजारी 'द्राक्षे', आणि ज्या इमारतीच्या छायेत हे सारे चालते तिचे मूळ नाव 'रे मार्केट'. १८८६ साली ती उभी राहिली तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते, म्हणून ते नाव. पुढे महात्मा फुले यांचे नाव तिला मिळाले. तीन शब्द, तिन्हींत र, आणि तिन्ही ठिकाणी त्याचे रूप निराळे. मार्केटमध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून रफार झाला आहे. द्राक्षांत तो द च्या खाली तिरकी रेघ होऊन राहिला आहे. कैऱ्यांत तो वरही जात नाही, खालीही जात नाही. य च्या डाव्या अंगाला एक आडवी वळणदार रेघ होऊन थांबतो. शाळेत आपल्याला या तिन्हींचे कारण एकाच वाक्यात सांगितलेले असते: कोणाचा तरी पाय मोडला आहे.

हा 'पाय मोडणे' शब्दप्रयोग मला फार दिवसांपासून खुणावतो आहे. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला मान नाही, तिथे 'हलन्त' असतो. संगणकाच्या तक्त्यांत तर तोही नाही, तिथे 'विराम' आहे. पण मराठी मूल जे पहिल्यांदा ऐकते ते 'क चा पाय मोड'. अक्षराला पाय असतो, आणि तो मोडता येतो, ही कल्पना आली कुठून?

आधी 'पाय' पाहू. मराठीने अक्षराला अवघा देह दिलेला दिसतो. शिरोरेखा संस्कृत आहे, पण 'काना' आपला; तो 'कर्ण' वरून आला असावा, कारण अक्षराच्या बाजूला उभा राहणारा तो कानच आहे. ष ला आपण 'पोटफोड्या' म्हणतो, म्हणजे पोटही आले. मग डोके, कान आणि पोट असलेल्याला पाय असणे ओघानेच आले. त, न, म, स अशा अक्षरांत हा पाय कोणता ते स्पष्ट दिसते: उजवीकडचा उभा दंड. तो काढला की अक्षर अर्धे होते आणि पुढच्याला जोडले जाते. ट, ड, द यांना असा पूर्ण दंड नाही. त्यांच्या तळाशी तिरकी रेघ ओढावी लागते, आणि ती मुरगळलेल्या पावलासारखी दिसते. दोन्ही क्रियांना एकच नाव मिळाले. मूळ अर्थ यांपैकी कोणता असावा? मला पहिला वाटतो. दंड मोडून टाकणे ही खरीखुरी मोडण्याची क्रिया आहे, आणि रेघेला ते नाव नंतर लागले असावे.

आता 'मोडणे'. प्राकृतात 'मोडइ', त्यामागे संस्कृत 'मुट्' धातू, चुरडणे-मोडणे या अर्थाचा. मराठीत त्याने केवढा संसार थाटला आहे. काठी मोडते, लग्न मोडते, सवय मोडते, नोट मोडतो. या शेवटच्या अर्थाने 'मोड' म्हणजे सुटे पैसे, ज्याला फारसीतून आलेला 'खुर्दा' हा जुना सोबती आहे. मंडईत गेल्यावर आणखी एक मोड भेटतो, मटकीचा. बी फोडून, वाकून बाहेर येतो तो मोड, म्हणून मोडणे-वाकणे याच धातूशी त्याचे नाते असावे असे वाटते. पण कानडीत अंकुराला 'मोळके' आणि तमिळमध्ये 'मुळै' म्हणतात, हे आठवले की हात आखडतो. ळ आणि ड यांची अदलाबदल आपल्याला नवी नाही. दोन वाटांनी आलेले दोन शब्द मराठीत एकरूप झाले असणेही शक्य आहे.

आणि अर्थातच 'मोडी'. हातातला बोरू न उचलता लिहायचे, तर अक्षराची वळणे मोडावी, वाकवावी लागतात, म्हणून मोडी, ही व्युत्पत्ती बहुतेकांना मान्य दिसते. फारसीत घाईच्या लेखनाच्या वळणाला 'शिकस्ता' म्हणतात. 'शिकस्तन' म्हणजे मोडणे. 'प्रयत्नांची शिकस्त' करताना आपण तोच धातू वापरतो. शिकस्ता म्हणजे मोडलेली, मोडी म्हणजेही मोडलेली, तेव्हा एक नाव दुसऱ्याचे भाषांतर असावे असे सुचवले गेले आहे. मला ते पटत नाही. फारसीच्या नस्तालीक वळणाची शिकस्ता शैली इराणात रुळली ती सोळाव्या-सतराव्या शतकांत, आणि मोडी त्याआधीची आहे. घाईने लिहिणाऱ्या दोन कारकून-जमातींना एकच उपमा सुचली, एवढेच त्यातून सिद्ध होते. गंमत अशी, की मोडी नावाच्या या लिपीत अक्षराचा पाय मोडण्याची रीत फारशी नाही. २०१४ साली संगणकांसाठीच्या युनिकोड संकेताच्या सातव्या आवृत्तीत मोडी आली तेव्हा तिच्या तक्त्यात पाय मोडण्याचे चिन्ह ठेवले गेले. दफ्तरांतल्या कागदांवर मात्र ते शोधावे लागते.

पंडितांकडे वळू. पाणिनीच्या परंपरेत सगळ्या व्यंजनांना मिळून 'हल्' म्हणतात: ह पासून शेवटच्या ल् या खुणेपर्यंतचा प्रत्याहार. हल् ज्याच्या अन्ती तो हलन्त. म्हणजे हलन्त हे शब्दाचे विशेषण आहे. 'जगत्' हा शब्द हलन्त. त्याच्या खालची रेघ हलन्त नव्हे. पण हिंदीत रेघेलाच ते नाव पडले आणि तिथून सगळीकडे गेले. सिंहलीत हेच 'अल्-लकुण' झाले आहे, हल्-लक्षण. तिथे नाव निदान रेघेचेच आहे.

बंगालीत मात्र या रेघेला 'हसन्त' म्हणतात. ल चा स कसा झाला? ध्वनिबदल म्हणून हे जुळत नाही. उत्तर दुसरीकडे आहे. बंगालमध्ये संस्कृत शिकवले जाई ते बोपदेवाच्या 'मुग्धबोध' व्याकरणावरून, आणि बोपदेवाने वर्णांची मांडणी बदलून घेतल्यामुळे त्याच्याकडे व्यंजनांचा प्रत्याहार 'हल्' ऐवजी 'हस्' झालेला दिसतो. हस् ज्याच्या अन्ती तो हसन्त. आता हा बोपदेव कोण? देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला, हेमाद्रीच्या आश्रयाचा पंडित. तोच हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो आणि परंपरा मोडी लिपीचे श्रेय देते. ते श्रेय इतिहासाच्या कसोटीवर टिकणारे नाही. पण तेराव्या शतकातल्या देवगिरीहून निघालेला एक पारिभाषिक शब्द आज कोलकात्यातले मूल अक्षर गिरवताना उच्चारते, ही गोष्ट कोणत्याही दंतकथेपेक्षा मला मोलाची वाटते.

'विराम' ची चाल आणखी वेगळी. वि आणि रम् यांचा तो शब्द. रम् चा जुना अर्थ स्थिरावणे, थांबणे. व्याकरणात बोलणे थांबण्याच्या जागेला विराम म्हणत, आणि व्यंजनावर थांबायचे असेल तर ते दाखवणाऱ्या खुणेला पुढे तेच नाव मिळाले. याच रम् चा दुसरा मुलगा 'आराम'. संस्कृतात आराम म्हणजे बाग. विसावा या अर्थाचा मराठी 'आराम' फारसीतून आला, पण फारसी 'आराम' आणि संस्कृत 'रम्' हे एकाच प्राचीन घराचे, अवेस्तातला 'रामन्' म्हणजे शांतता हाही त्यांचाच. बुद्धाच्या भिक्षूंना बागा दान मिळाल्या, तेव्हापासून आराम म्हणजे विहार. बँकॉकच्या नदीकाठच्या प्रसिद्ध अरुण मंदिराच्या पूर्ण नावात हाच 'वर-आराम' आहे.

मराठीत मात्र 'विराम' दुसऱ्याच कामाला लागून चुकला होता. मेजर कँडी हे पुण्याच्या पाठशाळेशी आणि मोल्सवर्थच्या कोशाशी जोडलेले नाव. त्यांनी १८५० साली विरामचिन्हांची परिभाषा मराठीत मांडली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम. त्यामुळे मराठी माणसाला 'विराम' म्हटले की वाक्यातला थांबा आठवतो. युनिकोडच्या तक्त्यात शून्य-नऊ-चार-डी या जागी 'देवनागरी विराम' असे नाव वाचून तो टिंब शोधू लागला तर त्याचा दोष नाही.

दक्षिणेला आणि पूर्वेला जी लिपीकुळे गेली, त्यांपैकी बहुतेकांची बीजे दक्षिण भारतातल्या पल्लव वळणात होती. तिथे ही रेघ पोचली, पण नावे प्रत्येकाने आपापली ठेवली, आणि ती एकत्र मांडली की माझा तरी वेळ कसा जातो ते कळत नाही. तमिळपासून सुरुवात करावी. तिथे व्यंजनाला 'मेय्' म्हणजे देह म्हणतात आणि स्वराला 'उयिर्' म्हणजे प्राण. दोन्ही मिळून 'उयिर्मेय्'. व्यंजनावर टिंब दिले, 'पुळ्ळि', की उरतो तो निष्प्राण देह. जावाबेटातल्या लिपीत या चिन्हाला 'पङ्कोन' म्हणतात, म्हणजे मांडी. तिथे म्हणतात की जावानी अक्षर मांडीवर घेतले की मरते. शेजारच्या सुंदानीजमध्ये सरळ 'पमाएह', 'पाएह' म्हणजे मेलेले. बालीत 'अदेग-अदेग', उभे असणारे.

म्यानमारच्या ब्रह्मी भाषेतल्या नावापाशी संस्कृत येणाऱ्याने सावध राहावे. ते लिहितात 'असत्'. पाहताक्षणी मन उडी मारते: स्वर नाहीसा झाला, म्हणून असत्, नसलेले! व्युत्पत्ती इतकी सुंदर जुळते की ती खोटी असणारच. उच्चार 'अथाʼ' असा काहीसा आहे, सुरुवातीचा अ हा नाम करणारा प्रत्यय, आणि 'सत्' हा तिबेटी-ब्रह्मी कुळातला मारणे या अर्थाचा जुना धातू. असत् म्हणजे मारणे. स्वराचा प्राण घेणारे चिन्ह. तमिळ, सुंदानीज, ब्रह्मी: तीन वेगळ्या भाषाकुळांनी मरणाचीच कल्पना केली, आणि संगणकाच्या परिभाषेतही अशा व्यंजनाला 'मृत व्यंजन' म्हणतात.

थाई भाषेने संस्कृत-पालीचा खजिना जपला, पण खोल्या बदलल्या. पालीसाठी अक्षराखाली दिल्या जाणाऱ्या टिंबाला ते 'फिन्थु' म्हणतात, आपला बिन्दु. न उच्चारायच्या अक्षरावर जी खूण देतात ती 'थन्थखात', म्हणजे दण्डघात! काठीचा फटका बसला की अक्षर गप्प. आणि ज्या अक्षराला तो फटका बसला ते 'कारन्', म्हणजे कार-अन्त असावे. विसर्गाच्या दोन टिंबांचे वंशज आज ऱ्हस्व अ चे चिन्ह झाले आहेत, नाव मात्र अजून 'विसन्चनी', विसर्जनीय. कंबोडियाच्या ख्मेरमध्येही दण्डघात आहे, 'तोअन्दखिअत' अशा उच्चाराने. आणि मूळ विरामही 'विरिअम' होऊन कोपऱ्यात पडून आहे.

पण ख्मेरचे खरे नवल पुढे आहे. जोडाक्षरातले दुसरे अक्षर तिथे पहिल्याच्या खाली लहान आकारात लिहितात आणि त्याला म्हणतात 'चेउङ्', म्हणजे पाय. आपल्याकडे पहिल्या अक्षराचा पाय मोडतो. अंगकोरच्या वारसांकडे दुसरे अक्षर पहिल्याचा पाय होते. दोन्हींचा एकमेकांशी उसनवारीचा संबंध दिसत नाही. तरी दोघांनाही अक्षराच्या तळाशी पाय दिसला.

इथे संगणक येतो, आणि शब्दांची ही मौज एकदम व्यवहाराची होते. कारण त्या एका रेघेला दोन कामे आहेत. 'जगत्' मध्ये ती दिसायला हवी. 'महात्मा' मध्ये ती दिसता कामा नये, तिने त आणि म यांना जोडून स्वतः नाहीसे व्हायला हवे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की संकेतात एकच हलन्त ठेवला, आणि रेघ मुद्दाम दाखवायची असेल तर तो दोनदा टंकायचा असे ठरवले. पाय एकदा मोडला तर शेजाऱ्याला जोडला जातो, दोनदा मोडला तर एकटा पडतो. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक-संस्थेने भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्र याच वाटेने पसरवले. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतली; फक्त दुसऱ्या हलन्ताऐवजी न दिसणारी फट आली, आणि अर्धे अक्षर मागण्यासाठी न दिसणारा सांधा.

हेच गणित आग्नेय आशियात नेले तेव्हा ते सगळीकडे सुटले नाही. ब्रह्मी लिपी १९९९ मध्ये युनिकोडमध्ये आली ती एकाच विरामासह. पण ब्रह्मी लेखनात असत् पदोपदी दिसतो, जवळजवळ प्रत्येक शब्दात. आणि दर वेळी त्याच्यामागे अदृश्य फट टंकायची म्हणजे लेखकाचा छळ. २००८ मध्ये दोन कामे दोन चिन्हांना वाटून दिली: दिसणारा तो असत्, जोडणारा तो विराम. तोवर तिकडे 'झॉजी' नावाचा वेगळ्याच रचनेचा फाँट घरोघर पसरला होता, आणि देशाने अधिकृतपणे युनिकोडकडे वळायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. ख्मेरमध्ये जोडणाऱ्या अदृश्य चिन्हालाच 'चेउङ्' नाव दिले. कंबोडियाने त्यावर हरकत घेतली होती: आमच्याकडे पाय ही स्वतंत्र अक्षरे आहेत, आधीच्या अक्षरावर केलेली क्रिया नव्हे. हरकत शास्त्रशुद्ध होती असे मला वाटते, पण तोवर मांडणी पक्की झालेली होती. तिबेटीचे नशीब बरे. तिच्यासाठी खालची अक्षरे खरोखरच स्वतंत्र ठेवली गेली.

मराठीपुढचा प्रश्न कैऱ्यांचा. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द आहेत. पहिला फारसी, समुद्र. दुसरा संस्कृत 'दरी' चे अनेकवचन. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर. हिंदीला हा भेद नको होता, म्हणून सामान्य र चा पाय मोडला की रफारच होणार हे ठरून गेले. मग कैरीचा र कुठून आणायचा? द्राविडी र लिहिण्यासाठी ठेवलेले 'ऱ' घेतले, आणि त्याचा पाय मोडला की पापणीसारखी रेघ उमटेल असा नियम केला. आता पाहा: हा ऱ संकेताच्या व्याख्येप्रमाणे 'र अधिक नुक्ता' आहे. नुक्ता म्हणजे अरबी-फारसी 'नुक़्ता', टिंब. (नुक्ताचीनीतला नुक्ता वेगळा, तो मुद्दा या अर्थाचा दुसरा अरबी शब्द, आपल्या लिपीत दोघे सारखे दिसतात.) म्हणजे मराठी लिपी, जी नुक्ता लिहीत नाही, तिची कैरी यंत्राच्या हिशेबी अरबी नावाचे टिंब घेऊन येते.

त्याशिवाय दुसरी, जुनी रीतही चालू राहिली: साधा र, विराम आणि अदृश्य सांधा. दोन्ही रीतींनी टंकलेले 'कैऱ्या' डोळ्यांना एकच दिसते, पण यंत्राला ते दोन शब्द वाटतात. एका रीतीने शोधाल तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडेलच असे नाही. वाऱ्या, पायऱ्या, सुऱ्या, नोकऱ्या, शेतकऱ्यांचे सगळे कागद यात आले. मराठीचे शब्दसंग्रह आणि शोधयंत्रे करणाऱ्यांनी दोन्ही रूपे एक मानणे हे बारीकसारीक काम नाही. ते आधी व्हायला हवे. लिहिणाऱ्यांनी ऱ ची रीत धरावी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो र च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो.

राहता राहिले नाव. युनिकोडमध्ये एकदा दिलेले नाव बदलत नाही. लाओ लिपीतल्या काही अक्षरांची नावे चुकून उलटसुलट पडली, ती तशीच आहेत. शेजारी फक्त शुद्ध टोपणनाव जोडले. तेव्हा 'विराम' कायमचा. पण मराठी पुस्तकांत, कळफलकांच्या माहितीत, शाळेतल्या संगणकाच्या तासाला आपण ते नाव चालवायला बांधील नाही. बाकीच्यांनी अक्षर मारले, मांडीवर घेतले, काठीने गप्प केले. मराठीने त्याचा पाय मोडला. आणि पाय मोडलेला जिवंत असतो, एकटा लंगडतो किंवा शेजाऱ्याच्या आधाराने चालतो. 'जगत्' आणि 'महात्मा' ही दोन्ही कामे एका क्रियापदात मावतात, आणि ब्रह्मी लिपीला त्यासाठी दोन चिन्हे करावी लागली हे पाहिल्यावर त्या क्रियापदाची किंमत कळते. मराठीत या चिन्हाचे पहिले नाव 'पायमोड' असावे, हलन्त त्यानंतर, असे माझे मत आहे.

त्याआधी एक माहिती हवी आहे. पुण्याकडे 'पाय मोडणे' म्हणतात. गोव्यात, वऱ्हाडात, बेळगावकडे, तंजावरच्या मराठी घरांत या रेघेला काय म्हणत? कैऱ्यांतल्या त्या आडव्या र ला कुणाच्या गुरुजींनी वेगळे नाव शिकवले होते का? आठवत असेल तर गावाच्या नावासह लिहून कळवावे.